पाठ प्रमुखाची, मांडी वक्त्याची

ब्रिस्बेन, रविवार

प्रिय बाबा,

देवाच्या दयेने मी धडधाकट आहे. मावशी तारोचे कंद खाऊ घालून घालून मला गोल करते आहे.

शरीररचनेची परीक्षा शुक्रवारी आहे. पास झाले तर एक सत्र माफ, म्हणजे तेवढी लवकर घरी!

परवा सरावात बाईंनी प्लास्टिकच्या माणसाच्या पाठीवर बोट ठेवलं. "हा भाग कोणता?" मी पटकन म्हणाले, "गावप्रमुखाचा!" मांडीला म्हणाले, "सभेतल्या वक्त्याचा!" वर्ग हसून लोळला. मग मी सांगितलं, आमच्या सामोआत डुक्कर कापलं की कुठला भाग कुणाच्या मानाचा ते ठरलेलं असतं, आणि गावात वाटे माझे बाबा करतात. बाई म्हणाल्या, "अगं, मग निम्मा अभ्यास झालाय की तुझा!" तेव्हापासून स्नायू भराभर पाठ होतायत.

पावलाला आपल्याकडे कसलाच मान नाही, पण तोच धडा मला सगळ्यात पक्का येतो. तुमच्या टाचेची जखम अजून वाहते, हे आईच्या तोंडून निसटलंच. तुम्हाला साखरेचा आजार, आणि वर नुसता पाला बांधून बसलात? पत्र मिळताच दवाखान्यात जा. हट्ट नको.

मी परत येईन तेव्हा डुक्कर तुम्हीच कापायचं, आणि तेही दोन्ही पायांवर उभं राहून.

तुमची,
तालीलागी