मोंबासात राहिलेलं गाठोडं

पुणतांबा, ता. ४ सप्टेंबर १९४८

ती. मच्छिंद्रकाका यांस, इंदूचा सा. दंडवत. वि. वि.

चुका पोटात घाला. चौथीतनं शाळा सुटली, त्यात टाक गळतो, म्हनून चार ओळीला दुपार गेली. लोकांपुढं माझं तोंड उघडत न्हाई, कागदावर तेवढं येतं. भीमाकाकीला लिवता येत न्हाई आन् तुमचं पत्र आल्यापासनं ती धड जेवत न्हाई.

जानेवारी सरायच्या आत काकी मोंबासात उतरली न्हाई, न्हाईतर तिच्या हातात कायम रहिवासाचा कागद नसला, तर तिला परकी धरतील, असं तुमी लिवलं. मला नवल वाटतं. बारा वर्सं तिनं तिथं चूल पेटवली. आजीच्या दुखन्यासाठी हिकडं आली, तर दोन वर्सांत सरकार मानूस इसरतं? मग ती हितली का? हितं तर समदी तिला मोंबासावाली म्हनत्यात.

कागद ट्रंकेत न्हाई. काकी म्हनली जहाजात पडला असंल. मला पटंना. शेवटचा हातात कवा धरला ते इचारलं, तशी तिनं कपाळाला हात लावला. हितल्या दत्तोपंत जोशांनी निघायचा मुहूर्त जहाजाच्या तीन दिस आधीचा कळवला हुता. म्हनून काकीनं वाटंचं गाठोडं बांधून शेजारच्या मुबारकबीकडं प्रस्थान ठेवलं, म्हंजी मुहूर्तावर निघाल्यासारखं. बंदरावर जाताना ते उचलायचं, ते घाईत ऱ्हायलं. तुमी हसाल म्हनून ती बोलली न्हाई. कागद त्यातच असनार.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची इंदू

मोंबासा, ता. २८ सप्टेंबर १९४८

चि. इंदू हीस अनेक आशीर्वाद.

तू शाळा सोडलीस ह्ये वकिलांचं नशीब! गाठोडं हाय. मुबारकबीच्या फळीवर, जसंच्या तसं. दोन वर्सं मी भिंतीच्या ह्या अंगाला निजतो आन् बायकोचा कागद त्या अंगाला!

पर बाई देत न्हाई. तीबी आपल्याच मुलखातली, शेवगावची, हट्टाला कमी न्हाई. म्हनती, भीमानं ठेवलं, भीमाच्याच हातात देईन, नवरा म्हंजी भीमा न्हवं. मी म्हनलो, भीमाला याया तेच लागतंय. तर म्हनती, मग तिची खूण आना. कचेरीतला साहेब मूळ कागदाबिगर ऐकत न्हाई. तवा खूण लवकर धाड.

घरच्यांस नमस्कार. पत्राची वाट बघायला लावू नकोस.
मच्छिंद्र

पुणतांबा, ता. १९ ऑक्टोबर १९४८

ती. काका यांस, सा. दंडवत. वि. वि.

खूण लिवते. गाठोडं हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं. गाठ उलटी, कारन काकी डावखुरी. आत सात सुपाऱ्या. त्यातली एक मुबारकबीनं खायला मागितली हुती आन् प्रस्थानातली देत न्हाईत म्हनून काकीनं दिली न्हाई. त्यावरनं ती रुसली हुती. ह्ये दोघींबिगर कुनाला ठाव न्हाई. आता ती सुपारी तिनं खावी, असं काकी म्हनती.

मी दत्तोपंतांना दाराआडनं इचारलं. ते म्हनले, प्रस्थान उचललं न्हाई तवर जानं पुरं झालंच न्हाई. म्हंजी काकी अजून मोंबासातनं निघालीच न्हाई! ह्ये साहेबाला सांगून बघा की.

लोभ हाय तसाच ऱ्हाऊ द्या.
तुमची इंदू

पुणतांबा, ता. १२ जानेवारी १९४९

ती. काका यांस, सा. दंडवत. वि. वि.

ह्ये पत्र हवाई टपालानं धाडते, म्हंजी काकीच्या आधी पोचंल. मुबारकबीला खूण पटली आन् तुमी धाडलेला कागद पोचला. तो कसरीनं कोपऱ्यावर खाल्लाय, पर नाव आन् नंबर साफ हाय. काल काकीला गाडीत बसवलं. परवा जहाज सुटतंय. कागद चोळीत शिवलाय, मी टाके मोजले.

मुहूर्त ह्या खेपंलाबी दोन दिस आधीचा निघाला. प्रस्थान गहिनीनाथ सुताराच्या घरी ठेवलं. निघताना ते उचल म्हनून मी तीनदा आठवन केली, तिनं तीनदा व्हय म्हनलं. आन् आज सकाळी बघते तर गाठोडं सुताराच्या खुंटीवर! आनाया गेले, तर सुतारीन देईना. भीमानं बजावलंय म्हनली, कुनालाबी द्यायचं न्हाई, इंदूलाबी न्हाई, माझ्याच हातात.

काका, मानूस परका धरायला आपल्या गावाला किती वर्सांची मुदत असती?

काकीच्या जोडीला मलाबी ध्यानात ठेवा.
तुमची इंदू

ता. क. कपिला आत्ताच व्याली. कालवड हाय, कपाळावर चांदनी.