बर्फाचा इलाज

३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भावोजींनाही नमस्कार सांग. ते घड्याळातून मान वर न काढता हूं म्हणतील, तोच मी आशीर्वाद समजतो.

नववी नोकरी लागली, आणि बसशील तर सांगतो, दोन महिने टिकलीसुद्धा. काचेच्या बशा आणि बाटल्या धुतो. हॉटेलात नाही, प्रयोगशाळेत. बायकांच्या छातीत कॅन्सरची गाठ कशी वाढते ते इथे बशीत वाढवून बघतात. दुधाच्या बारीक नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं, बहुतेक भानगड तिथूनच सुरू होते. तू शिवणकाम करतेस, अस्तर म्हटल्यावर तुला कळेलच. चांगल्या पेशी बशीत पसरतात आणि एकमेकींना खेटल्या की गप बसतात, जागा संपली म्हणून. वाईट पेशींना जागा संपल्याचं कळतच नाही. आपल्या जिन्यातल्या सायकलींसारख्या एकीवर एक चढत जातात.

या बशा उबेच्या कपाटात ठेवतात. माणसाच्या अंगात जेवढी ऊब तेवढीच कपाटात, एक काटा इकडे नाही की तिकडे नाही. शनिवारी मी त्याचं दार नीट लावलं नाही. सोमवारी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी सगळ्या बशा कचऱ्यात घातल्या आणि मला अशा सुशिक्षित शिव्या दिल्या की अर्ध्या मला स्तुती वाटल्या. पण ताई, गंमत बघ. सगळं जग ज्याला घाबरतं तो कॅन्सर दीड दिवसाच्या गारठ्यानं मेला! माणसं उगाच बाऊ करतात.

कळावे. लोभ आहेच, तो रागावण्यासकट चालू ठेवावा.

तुझा भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. एका जागी टिकलास, डोळे भरून आले. आता कपाटाची दारं लावत जा.

महिनाभर उत्तर नाही म्हणून रुसला असशील. प्रयोग चालू होता. माझ्या डाव्या बाजूला एक गाठ आहे, कोटाच्या बटणाएवढी. पाच-सहा महिने झाले असतील. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मीही तिला कधी विचारलं नाही. तुझं पत्र आलं आणि इलाज घरबसल्या मिळाला. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास बर्फ बांधून मशीनवर बसते.

आपल्याकडे फ्रिज कुठला? बर्फ शेजारणीकडून आणते. गुडघा सुजलाय असं तिला सांगितलं. मग लंगडणं आलं. परवा जिन्यात तिनं अडवलं, काल उजवा पाय होता, आज डावा कसा, म्हणाली. दुखणं फिरतं आहे, असं सांगून सुटले. तिनं आता दोन्ही गुडघ्यांना पुरेल इतकं मलम दिलंय.

तर आनंदाची बातमी ही, की टेप लावून रोज मोजते आणि चार आठवड्यांत गाठ सूतभरही वाढलेली नाही. सर्दी मात्र जात नाही. तुझ्या बाईंना विचारून कळव, बर्फ अजून किती दिवस लावायचा? ह्यांना काही बोलू नकोस. घड्याळाचा एक स्क्रू सांडला तरी दोन दिवस जेवत नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

८ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार वगैरे तुझ्या पायाशी ठेवला आहे. आधी तो बर्फ फेक.

तुझं पत्र घेऊन मोठ्या बाईंकडे धावलो. त्या मला रोज हसतात, काल हसल्या नाहीत. ताई, मी मूर्ख आहे. ही गोष्ट तुला नवी नाही, पण या वेळी पुरावा आहे. बशांतल्या पेशी गारठ्यानं मेल्याच नव्हत्या. उघड्या दारानं आत बुरशी शिरली म्हणून बाईंनी बशा फेकल्या. मी न विचारता मनानं ठोकून दिलं.

बाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन एक पिंप दाखवलं. झाकण काढलं की पांढरी वाफ निघते आणि आत इतकी थंडी, की बोट घातलं तर बोट तिथंच राहील. त्यात त्याच पेशी बारा बारा वर्षं ठेवलेल्या आहेत. मारायला नाही, जपायला! बाहेर काढून ऊब दिली की दोन दिवसांत आळस झाडून कामाला लागतात. आम्ही जे गारठ्यानं जपतो त्याला तू बर्फानं मारायला निघालीस. शिवाय तुझा बर्फ कातडीच गार करतो, आत अंगाची ऊब आहे तशीच राहते.

आणि त्या टेपचं सांगतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं ते चालतं. अंगात एकेका दुपटीला महिनेच्या महिने लागू शकतात. बोटाला लागेल एवढी गाठ व्हायला बहुतेकदा वर्षं गेलेली असतात. चार आठवड्यांत टेपला काय दिसणार? दुखत नाही हीही खात्री नव्हे, अशा गाठी सहसा दुखत नाहीतच. गाठ साधीही असू शकते, पुष्कळ असतात. पण ते ठरवायला फोटो काढतात आणि सुईनं कण काढून बघतात. उद्याच जा.

लोभाचं नंतर बघू. तू जा.

तुझा मूर्ख

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. मोठ्या बहिणीला हुकूम सोडण्याइतका मोठा झालास, छान.

बर्फ बंद केला. शेजारणीला गुडघा बरा झाल्याचं सांगितलं, तर ती मलमाचा गुण सगळ्यांना सांगत सुटली आहे. पण दवाखान्याचं नाव काढू नकोस. शाळेचे पंचेचाळीस गणवेश शिवायचे आहेत. ताप नाही, भूक आहे, रंग आहे. गाठीला सुई लावली की ती भडकते, असं माझं एक गिऱ्हाईक सांगत होतं. तिचा भाऊ औषधांच्या दुकानात आहे. आणि चाळीस वर्षांची बाई मी, दुसऱ्यांची मापं घेत आले. उघड्यावर बसून कुणा परक्याकडून तपासून घेणं मला जमायचं नाही.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. आई दवाखान्याच्या त्या इमारतीत आपल्या पायांनी चालत गेली होती. एवढंच लिहिते.

नीट जेव. माया आहेच.

तुझी ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आईचं वाचलं आणि बाटल्या धुवायच्या राहिल्या.

बाईंनी मला समोर बसवून चित्र काढून दाखवलं, तसंच तुला सांगतो. नळीच्या अस्तराबाहेर एक पातळ पापुद्रा असतो. गाठ त्याच्या आत आहे तोवर घरात कोंडलेली. पापुद्रा फाडला की बाहेर. मग तिला भूक लागते. ती जवळच्या रक्तनळ्यांना हाक मारते, आणि त्या भोळ्या नळ्या वाट वाकडी करून तिच्यापर्यंत फांद्या काढतात, जणू घरचीच पाहुणी जेवायला आली. पुढे एखादी पेशी सुटते आणि बहुतेकदा आधी काखेतल्या बारीक गाठींत, त्या सगळ्यांनाच जन्मापासून असतात, मुक्काम करते. तिथून पुढे हाडं, फुप्फुसं. आई वारली तेव्हा तिची गाठ कुठवर पोचली होती ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. पण आई दवाखान्यात उशिरा गेली होती, एवढं मी मावशीच्या तोंडून ऐकलंय. इमारतीनं तिला नेलं नाही ताई, उशिरानं नेलं. सुईनं गाठ भडकत नाही, बाईंना मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी बाटली उचलली.

आता माझी धमकी ऐक. पुढच्या सोमवारपर्यंत गेली नाहीस तर मी ही नोकरी सोडून येतो. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे. आठ लिहिलेत, हात बसलाय, या वेळी एकही चूक नाही. आणि भावोजींना वेगळं पाकीट टाकलं आहे. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. रोज दे, म्हणजे तू आहेस हे कळत राहील.

तुझा भिंगरी

६ मे

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. चुगलखोरा, तुझं पाकीट पोचलं.

ह्यांनी ते दुकानात वाचलं. उघडी घड्याळं तशीच टाकून घरी आले, मशीनचा पट्टा काढून खिशात घातला आणि मला चपला घालायला सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. घाबरून मी दोन्ही चपला एकाच पायात घालत होते.

तपासणारी बाईच होती. हात गरम करून मग लावला तिनं. फोटो झाले, सुई झाली. सुई आपल्या सुईपेक्षा जाड, पण हात सफाईचा. काल निकाल आला.

कॅन्सर आहे, भिंगरी.

दोन सेंटिमीटरची गाठ, पापुद्र्याच्या बाहेर पडलेली. काखेत काही दिसत नाही, पण उघडून बघितल्यावरच नक्की सांगतील. अठरा तारखेला ऑपरेशन. ही हार्मोनवर वाढणारी जात आहे आणि त्यातल्या त्यात ते बरं, असं डॉक्टर म्हणाल्या. यात बरं काय ते मला समजलं नाही. ह्यांनी मान हलवली, त्यांनाही समजलेलं नाही. तू विचारून कळव.

गणवेश शेजारणीनं घेतले. तिला काज करता येत नाही, शाळा उघडी फिरेल.

तुझी ताई

१२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या पत्रातली ती एक ओळ मी उभ्यानं वाचली आणि खाली बसलो. बाईंनी हातातली बाटली काढून घेतली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या गाठीच्या पेशींना कुलपं आहेत. अंगातलंच हार्मोन त्यात किल्लीसारखं बसतं, आणि बसलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. बरं यासाठी, की कुलूप आहे म्हणजे ते बुजवताही येतं. त्याच्या गोळ्या असतात. पाच वर्षं रोज घ्यायच्या, कधी त्याहून जास्त. ज्या गाठींना कुलूपच नसतं तिथे या गोळ्या काय करणार? ऑपरेशननंतर आणखी काय लागेल ते तुझ्या डॉक्टर ठरवतील. त्यांचंच ऐक. औषधाच्या दुकानातल्या भावाचं नको आणि माझंही नको.

मी यायला निघालो म्हणून बाईंना राजीनामा दिला. त्यांनी वाचला, शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाल्या, आणि फाडला. घरी जायचं असेल तर रजा मागतात, असं त्यांनी मला समजावलं. ताई, आठ नोकऱ्या झाल्या, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. कधी येऊ ते कळव.

जीव तुझ्यात अडकला आहे, सांभाळून वापर.

तुझा भिंगरी

२२ मे

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. हात अजून नीट उचलत नाही म्हणून अक्षर तुझ्यासारखं आलं आहे, समजून घे.

ऑपरेशन पार पडलं. गाठ निघाली, कडा स्वच्छ आहेत. काखेतल्या तीन गाठी काढून तपासल्या, तिन्हींत काही नाही. हे डॉक्टरांनी आज सकाळी सांगितलं, आणि मी त्यांना परत एकदा सांगायला लावलं. इतके दिवस तुला लिहिलं नाही, आता लिहिते. मी फार घाबरले होते. आत नेताना छताचे दिवे मोजत होते, एकोणीसपर्यंत आठवतात.

पुढे काही आठवडे किरणांचे शेक द्यायचे आहेत, त्याला रोज यावं लागेल. मग त्या कुलपाच्या गोळ्या. इथे एकाच माणसाला थांबू देतात, ती जागा ह्यांनी धरून ठेवली आहे. म्हणून तू तीस तारखेला घरीच ये. तुझी मला गरज आहे, आणि माझ्यापेक्षा ह्यांना जास्त.

सकाळची बातमी कळल्यापासून हे खाटेच्या कडेला बसून रडताहेत. आवाज नाही काही नाही, नुसते गळताहेत. नर्सनं दोनदा त्यांचाच ताप बघितला. माझ्या वाटणीचं सूप त्यांना दिलं, तेही पाहिलं मी. शेजारच्या खाटेवरची बाई मघाशी हळूच मला विचारत होती, यजमानांचं दुखणं फार जुनं आहे का, बरे होतील ना?

मी तिला सांगितलं, होतील, पण त्यांना वेळ लागेल. त्यांच्या आधी मीच बरी होईन.

तुझी ताई