खोलीत थांबायचं आहे

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा पळाले. चारच्या सुमारास आप्पांना धाप लागली आणि मी सरळ गॅलरीत. कपड्यांची दोरी दोन्ही हातांनी धरून उभी. आत पायल नेब्युलायझर लावत होती. कॉलेजातली पोर! "मम्मी, तू जा बाहेर, मी बघते." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

वडिलांचा श्वास अडकला की माझाही अडकतो. हे नाटक आहे का? स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. मोहने गावातल्या चाळीतून इथे कोपरला त्यांना हट्टाने मीच आणलं. "मी करीन सगळं," म्हणाले होते. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मला एकच हवंय — ते जातील तेव्हा मी खोलीत असावं. गॅलरीत नाही.

लहानपणी विहारात त्यांनीच शिकवलेलं. डोळे मिट, श्वास येतो-जातो तो बघ. आता बघायला गेलं की डोळे आपोआप उघडतात.

१३ नोव्हेंबर

ऑफिसातली रचना सांगत होती, बाळकुमला एक बाई ध्यान शिकवतात. श्वास बघायचा नाही, आसन नाही, खुर्चीत बसून मनात एक शब्द. "अगं, काहीच करायचं नाही, तेच शिकवतात." पायल म्हणाली, काहीच न करायला ठाण्यापर्यंत जायचं? महिन्याभराने हसली. जाते.

१६ नोव्हेंबर, रविवार

फुलं, फळं, नवा पांढरा रुमाल — एवढं घेऊन यायला सांगितलेलं. तिथे गुरूंचा फोटो, समोर उदबत्ती. ही पूजा आहे का, असं तीनदा विचारलं. प्रमोदिनी मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी माझ्या गुरूंचे आभार मानते, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.

उभी राहिले. हात जोडले नाहीत. पण बांगड्या सारख्या करायला दोन्ही हात जवळ आणले. ते जोडणंच होतं का? घरी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. आप्पांनी चाळीतून बाकी काही आणलं नाही, ती आणली.

शब्द मिळाला. कुणाला सांगायचा नाही, असं कबूल करून आले.

फोटोपुढे ठेवून परत मिळालेलं सफरचंद रिक्षातच खाल्लं. ते आप्पांना कसं देणार? कुठे गेलेलीस, त्यांनी विचारलं. म्हटलं, ऑफिसचं काम होतं. रोज सकाळी त्यांच्यासोबत पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. उद्या कोणत्या तोंडाने म्हणू?

१८ नोव्हेंबर

ध्यान सहज होतंय की नाही, हे तपासत बसले. वीस मिनिटं नुसती तपासणी! मॅडमना फोन केला. "नीला, तुम्ही परीक्षेला बसल्यासारख्या बसताय. शब्द आला तर आला, गेला तर गेला." मला गेलेला चालत नाही. कधी काही सहज केलंय मी?

२१ नोव्हेंबर

सकाळी थोडा वेळ सैल वाटलं. खांदे उतरले. वाटलं, आता जमेल.

दुपारी धाप. शब्द कुठल्या कुठे! या वेळी बाथरूममध्ये गेले आणि ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला. बादली भरून वाहत होती. हे लिहून ठेवलंच पाहिजे — बाप गुदमरत होता आणि मी पाणी वाहू देत होते.

२५ नोव्हेंबर

शब्दाचा अर्थ शोधायचा नव्हता. शोधला. नेटवर एक म्हणतो, अर्थ काहीच नाही. दुसरा म्हणतो, देवीचं नाव. चार दिवस बसले नाही. मला कुठेच जागा नाही — ना त्यांच्या श्वासाजवळ, ना या शब्दाजवळ.

३० नोव्हेंबर, रविवार

पायलने आप्पांना सगळं सांगून टाकलं. नळाचंही. आप्पांनी मला बोलावलं. आता तोंड फिरवतील, या तयारीनेच गेले.

तुकड्या-तुकड्यांनी बोलले. "उल्हास नदीला पूर आलेला, तेव्हा मी कशावर बसून वाचलो, ठाऊक आहे?"

फळीवर, म्हटलं. घरात सगळ्यांना तेच माहीत आहे.

"फळी नव्हती. देवळाचं दार होतं. सोडलं नाही मी."

हसले, हसता हसता खोकले. मी दाराकडे बघितलं. ते त्यांनी बघितलं.

मग म्हणाले, "त्या दारावर मी एकटा नव्हतो गं. दोघांना वर ओढलेलं." आणि हात पुढे केला. "सांग तो शब्द."

नाही सांगितला. कबूल करून आलेय, म्हटलं. आप्पांनी मान हलवली. कबूल केलेलं मोडू नये, हेही त्यांनीच शिकवलेलं. हात मागे घेतला.

३ डिसेंबर

रात्री झोपत नाहीत. हॉस्पिटलला नको म्हणतात. मॅडमना विचारलं, एका माणसाला सांगितला तर? म्हणाल्या, "मला विचारू नका. विचारलंत तर मला नाहीच म्हणावं लागेल."

६ डिसेंबर, शनिवार

आप्पा दरवर्षी या दिवशी दादरला जायचे. आज पांढरा सदरा मागितला, पलंगावरच घातला. ऑक्सिजन चालू, म्हणून बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावता येईना. पायलने सेलवरची आणली. "ही फुंकर मारून विझणार नाही," म्हणाले.

दुपारी धाप लागली. आजवरची सगळ्यात वाईट. मी उठले. दारापर्यंत गेले. कडीला हात लागला.

परत आले. वाकून कानात शब्द सांगितला. ओठ हलले त्यांचे.

पुन्हा दाराकडे बघितलं. पण थांबले.

१० डिसेंबर, बुधवार

ऑक्सिजनचं मशीन आज भाडेवाले घेऊन गेले.

सोमवारी सकाळी. पायल दूध आणायला गेलेली. शब्द माझ्या मनातही नव्हता. मी त्यांचा श्वास बघत होते. आला, गेला. आला, गेला. मग नुसताच गेला.

मी उठले नाही.