न बोलण्याची शपथ आणि आईचा गालिचा

॥ प्रभूची कृपा ॥

सान फेलिसियानो, ग्वातेमाला
ता. ९ एप्रिल १९८७

चि. तादेआ हिला ग्रेगोरियाताईचे अ. आ. वि. वि.

समोरच्या दारात राहतेस, मग पत्र कशाला, असं म्हणू नकोस. तू आपल्या कॅथलिक चर्चची मिस्सा सोडून त्या पत्र्याच्या चॅपेलात टाळ्या वाजवायला जायला लागलीस, तेव्हा मी चर्चमध्ये आल्तारापुढे शपथ घेतली, की तू परत येईपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. लिहिणार नाही अशी घेतलेली नाही. जास्त शिकले असते तर तेव्हाच नीट विचार करून घेतली असती.

गुड फ्रायडेची मिरवणूक प्रभूची मूर्ती घेऊन आपल्या दोन दारांमधल्या रस्त्यावरून जाणार. एकतीस वर्षं आईचा रंगीत लाकडी भुशाचा गालिचा आपण तिच्या वाटेवर घातला. भुसा मी चाळायचा, रंग तू द्यायचा. यंदा तुझा पास्टर त्याला मूर्तिपूजा म्हणतो. त्याला विचार, त्याच्या आईने मरताना काही मागितलं होतं का. आपल्या आईने मागितलं होतं, माझ्या दारावरून प्रभू उघड्या मातीवरून जाऊ देऊ नका म्हणून. मी वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवू? नातीला चाळायला बसवलं, तर अर्धा भुसा केसांत घेऊन आली.

रंग मीच दिलाय. अंगणात वाळतोय. बघ आणि जळ.

लोभ कमी करता येत नाही, म्हणून आहे तसा राहू दे.
ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

पत्र दाराखालून मिळालं. सरकवताना तू कण्हलीस तेही ऐकलं. गुडघ्यांना काही लावतेस की नाही?

भुसा खिडकीतून बघितला. हिरवा छान झालाय. पण फुलांचा जांभळा म्हणून जो पसरलायस, तो चक्क कोळशासारखा काळा आहे. रंगवलेल्या भुशाच्या टोपल्या मी लावून द्यायची, म्हणून इतकी वर्षं निभावलं. ताई, तुला दिसत नाही. डॉक्टरकडे चल.

आईचं पास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मनाला पटेल ते करा. आली का पंचाईत! माझ्या मनाला पटत नाही. लाकडी मूर्तीच्या वाटेवर फुलं घालणं आता माझ्याच्याने होणार नाही. तुला खूश करायला खोटं खोटं घातलं, तर ती तुझीच फसवणूक. हवं तर रागव.

मधातले चणे पाठवतेय. चण्यांना धर्म नसतो, खा.

तुझा राग असला तरी लोभही असावा.
तादे

ता. १३ एप्रिल

चि. तादेआस अ. आ.

मी कण्हले नाही, खोकले. डोळे माझे शाबूत आहेत. चणे कच्चे होते. डबा रिकामा पाठवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून सुक्या माशाचा रस्सा भरलाय, तुझ्यावर माया म्हणून नव्हे.

भुसा काळा तर काळा. प्रभू क्रुसावर गेला त्या दिवशी भरदुपारी अंधार पडला होता, तेव्हा कुणी तक्रार केली होती का?

अडचण वेगळीच आहे. गालिच्यावर आडवी फळी टाकून तिच्यावर पालथं पडायचं, तेव्हा कुठे मधलं कोकराचं चित्र काढता येतं. फळीचं एक टोक धरायला माणूस लागतं. ते तू धरायचीस. यंदा विटांवर टेकवीन. विटा निदान चॅपेलात जात नाहीत.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.
ताई

ता. १६ एप्रिल

ती. ताईस सा. न.

विटांवरून पडशील. दोन दिवस विचार केला. मूर्तीसाठी मी हात लावणार नाही, पण फळीवर मूर्ती नसणार, तू असणार. उद्या पहाटे पाचला येऊन टोक धरते. कुठल्या टोपलीत कुठला रंग तेही सांगते. काळा कडेला घाल, फुलं पिवळी कर. भुशाला मी शिवणार नाही. मिरवणूक दिसली की घरात जाईन, तेव्हा मला हाक मारू नकोस. तशी तू मारणार नाहीसच म्हणा, शपथ आहे ना!

तुझी
तादे

ता. १८ एप्रिल

चि. तादेआ हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तीन तास फळी धरलीस. तुझ्या चॅपेलच्या बाया एका कोपऱ्यात नाकं मुरडत होत्या, माझ्याबरोबर रोझरीची माळ जपणाऱ्या बाया दुसऱ्या. तू टोक सोडलं नाहीस.

मग फाउस्तो खाटकाचा कुत्रा कोकरावर चालून आला आणि मी ओरडले, तादे, कुत्रा! झालं, चाळीस दिवस पाळलेली शपथ कुत्र्याने खाल्ली. तुझा शब्द तरी कुठे राहिला? त्याला धरायला गुडघे टेकून पिवळ्या भुशात! वर म्हणतेस, भुशाला शिवले ते कुत्र्यासाठी, मूर्तीसाठी नव्हे.

मिरवणूक आली तेव्हा तू आत गेलीस. माझी जीभ तर मोकळी झाली होती. तरी मी हाक मारली नाही.

आज पापनिवेदनाला गेले. फादर एवढे हसले की बाहेरची रांग डोकावली. म्हणाले, बहिणीशी न बोलण्याची शपथ देव मानतच नाही, चाळीस दिवस उगाच तोंड बांधून बसलात. प्रायश्चित्त म्हणून उद्या ईस्टरला तुझ्या घरी जेवायचं आणि जेवणाआधीची तुझी प्रार्थना शेवटपर्यंत ऐकायची. ती किती लांब असते ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

मंगळवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ. पायरी आली की सांग, हात धरायची गरज नाही. बरं, धर.

उद्या प्रार्थना संपेपर्यंत रस्सा झाकून ठेव. आणि मी मिस्सा सोडून तुझ्याकडे यावं, असं देवाकडे मागणार असशील, तर ते मनात माग. मीही तुझं मनातच मागते.

तुझी
ताई