मागची चाकं आणि लेकीचा अबोला

३ मार्च, सोमवार
आला एकदाचा हायड्रॉलिक हँडब्रेक! जावईबापूंनी खोकं उघडलं आणि चेहरा असा फुलला की काय सांगावं. उभा दांडा, बुडाशी छोटा सिलिंडर. स्टिअरिंगच्या शेजारीच बसतो. ओढला की मागची चाकं जागच्या जागी जाम, गाडीचं शेपूट फिरतं आणि अवघड वळण सुटतं.

मागच्या मोटार-रॅलीत असंच एक वळण बसलं नाही आणि स्वारी गाडीसकट चरात. नुसतं खरचटलं. पण लेकीनं जाहीर केलं – "आता बंद!" मी म्हटलं, बंद कशाला, गॅरेज माझं आहे, चांगला ब्रेक बसवून देते. झालं! "तू माझी आई आहेस की त्याची?" तेव्हापासून माझ्याशी अबोला. नवऱ्याशी मात्र बोलते! राहते माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. जिन्यात भेटली की भिंतीकडे बघावं तशी बघते. जीव तुटतो, पण मीही काही कमी नाही.

४ मार्च, मंगळवार
दांड्याची जागा ठरवण्यात दिवस गेला. जावई सीटवर, पट्टे आवळून, डोळे मिटून. "आई, जरा पुढे. आई, किंचित उंच." घर बांधताना एवढी चर्चा झाली नव्हती!

जुना तारेचा हँडब्रेक काढून टाकू म्हणे, वजन कमी होईल. साफ नाही म्हटलं. नवा दांडा हात सोडला की सुटतो. मग उतारावर गाडी उभी कशी करणार – चाकाखाली धोंडा लावून? पाना खाली ठेवला त्यानं.

५ मार्च, बुधवार
भोकं पाडली, खालून जाड पत्रा दिला, बोल्ट आवळले. दांड्यावर सगळा भार टाकून पाहिला. माझं वजन पेललं म्हणजे आता काही हलायचं नाही.

६ मार्च, गुरुवार
पाइप जोडले. गळती नाही. पण दांडा मऊ लागतोय – आत हवा. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून "धरलं" म्हणायचं, दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायचा निपल सैल करायचा, हवा फसफसली की आवळायचा, मग "सोड." जावई कामावर. मी आपली पेडलला काठी टेकवतेय, चाकाकडे धावतेय, कंबरेचा पार भुगा!

तेवढ्यात लेक घराची किल्ली न्यायला आली. बघत उभी राहिली. मग चकार शब्द न काढता गाडीत बसली.

"दाब," मी म्हटलं. "धरलंस का?"

आणि मग – पीं! "धरलं" म्हणायच्या जागी हॉर्न वाजवला बयेनं! बोलायचं नाही म्हणजे नाही. चारही चाकं अशीच केली. शेजारचा शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "अहो, रस्ता कुणाला हवाय?" मला हसू आवरेना. ती मात्र ढिम्म. हा हट्ट कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

दांडा अजून थोडा मऊच.

७ मार्च, शुक्रवार
सापडलं! सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात बुडबुडा अडकला होता. दांडा सोडवून तोंड वर केलं, टिचक्या मारल्या, निघाला. आता कसा टणक! आज पेडलवर जावई होता. तोंडानं "धरलं" म्हणत होता. मजा नाही आली.

८ मार्च, शनिवार
उद्या मैदानावर चाचणी. सगळे जोड पुन्हा पुन्हा तपासले. काही कमीजास्त झालं तर लेक मला जन्मात माफ करणार नाही.

९ मार्च, रविवार
काय वळली गाडी! जावई ओरडतच उतरला. लेक हाताची घडी घालून उभी होती. तरातरा गेली, त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं, आत बसली, सीट पुढे ओढली. मी खिडकीशी.

समोर बघतच म्हणाली, "आई, आधी वळवायचं की आधी ओढायचं?"

"आधी वळव," म्हटलं आणि तिचा पट्टा आवळला.