बॅरोमीटर फक्त दाखवायला आणलंय

मंगळवार, ४ ऑक्टोबर
बॅलीकॅरोत, आमच्या मूळ गावी, पोचलो. वेल्सहून येताना बोट लागली, तरी मन प्रसन्न. माइल्सला माफ करायचं ठरवूनच निघालोय. वडील गेले तेव्हा मी त्यांचं हवामान सांगणारं बॅरोमीटर माझ्या घरी कॉव्हेंट्रीला नेलं, एवढ्यावरून सख्ख्या थोरल्या भावानं बोलणं टाकलं. तीस वर्षं होतील आता. गावातल्या प्रत्येक कॅप्टनच्या घरी दारातून शिरताच बॅरोमीटर टांगलेलं असतं, मान्य. पण माइल्सला त्याची किंमत कुठली? मला आहे. बॅगेत आणलंय. परत द्यायला नाही, फक्त दाखवायला.

मिसेस डेव्हरूंकडे खोली घेतली. नाव सांगितलं ब्राउन. उगाच बोभाटा नको. बाईंना शंकाही आली नाही.

बुधवार, ५
प्लॅन असा. निवृत्त कॅप्टन माइल्स सिनॉट आता बंदरावरच्या म्युझियममध्ये पाहुण्यांना जुन्या शिडाच्या जहाजांची माहिती देतो. आपण टुरिस्ट म्हणून जायचं. तो ओळखेल, गळ्यात पडेल. आपण लगेच विरघळायचं नाही.

म्युझियम बंद. बॅरोमीटर ‘हवा स्वच्छ’ दाखवत होतं, म्हणून छत्री नेली नव्हती. भिजलो.

बाई म्हणाल्या, “कॅप्टन सिनॉटना जरा बरं नाही हो. घरीच जा की. मागचं दार उघडंच असतं.”

जरा बरं नाही म्हणजे सर्दी. कौतुक करून घ्यायची त्याची लहानपणापासूनची सवय.

गुरुवार, ६
म्युझियम बंद. भिजलो. धक्क्यावर म्हातारा नेड फर्लाँग जाळं विणत बसला होता. म्हणाला, “नाक ओळखीचं वाटतंय, साहेब.” म्हटलं, इंग्लंडात अशी नाकं पुष्कळ असतात. म्हणाला, “असतील बाबा. इथं मात्र एकाच घरात आहेत.” खोचक माणूस.

शुक्रवार, ७
बाईंनी हातात सफरचंदाचा टार्ट ठेवला. “कॅप्टनकडे एवढा पोचवा ना. ब्रीड बिचारी रात्रंदिवस नवऱ्याच्या उशाशी बसलेली असते.” पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्याला कामं सांगतात!

तरी गेलो. कोपऱ्यापर्यंत. वरच्या खिडकीत खुर्ची, खुर्चीत घोंगडी, घोंगडीत माइल्स. फार वाळलाय. त्यानं हात वर केला. मला, की पडदा सारायला, ते कळलं नाही. बोलवायचं तर माणसानं नीट बोलवावं.

टार्ट बाकावर बसून खाल्ला. गार होऊन वाया गेला असता.

शनिवार, ८
मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा स्वभाव. मी तसा नाही. मी फक्त थांबलोय. थोरल्यानं मोठेपणा दाखवायला नको का? त्याला उद्याचा रविवार देतो. सोमवारी नाश्ता झाला की मीच जाणार. पक्कं. बॅरोमीटरची काच पुसून ठेवली.

सोमवार, १०
नाश्त्याला रेडिओवर मयतांची नावं लागली. इथं तेव्हा कुणी चमचासुद्धा वाजवत नाही. दुसरंच नाव, माइल्स सिनॉट, बॅलीकॅरो, राहत्या घरी, शांतपणे. मागे पत्नी ब्रीड. भाऊबिऊ काही नाही. नजरचूक असणार.

बाईंनी रेडिओ बंद केला. माझ्या खऱ्या नावानं हाक मारून म्हणाल्या, “लार, तू आलास ते मी पहिल्याच दिवशी कॅप्टनना फोन करून सांगितलं होतं. म्हणाले, त्याला काही बोलू नका, आपणहून येऊ दे. तेव्हापासून खिडकीतून हलले नाहीत रे.”

मी आणखी चहा मागितला. दुसरं काय मागावं सुचेना.

मंगळवार, ११
माइल्सच्या घरापुढे अंत्यदर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत. कोटाखाली बॅरोमीटर धरून उभा राहिलो. घरच्यांच्या खुर्च्यांत मला बसवतील असं वाटलं होतं. कुणी हाक मारली नाही. दारातून शिरताच भिंतीवर वडिलांच्या वेळचा खिळा तसाच, खाली वॉलपेपरवर गोल फिकट डाग. तिथंच टांगून टाकावं असं वाटलं, पण मागून माणसं सरकत होती.

माइल्सचा चेहरा पाहिला. नाक माझंच. रडू आलं, आवरलं नाही.

शेवटी ब्रीड. मी हात पुढे केला. म्हटलं, फार वाईट झालं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, हात हातात घेतला आणि परक्याला विचारावं तसं विचारलं, “फार लांबून यावं लागलं का हो?”

मी हो म्हणालो.

मिसेस डेव्हरूंचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे.