वरच्या मजल्यावरच्या सुहैरसाठी माझा तिसरा हिस्सा

परम दयाळू अल्लाहच्या नावाने. मी, बहीजा रुश्दी, निवृत्त फ्रेंच शिक्षिका, विधवा, निपुत्रिक, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं शाबूत आहे. संयम तेवढा संपला आहे.

१. तान्ता गावाकडची शेतजमीन कायद्याने माझ्या भावाला जाईल. जाऊ दे.

२. मालमत्तेचा तिसरा हिस्सा कायद्याने मी हवा त्याला देऊ शकते आणि हा फ्लॅट त्यात बसतो. तो मी सुहैरला देते. ती माझी नातलग नाही. वरच्या मजल्यावर नवरा, मुन्तसिर, तिला मारायचा, म्हणून ती माझ्याकडे आली. शाळेत नन्स सांगायच्या, समोर कुणी पडलं तर आधी उचलावं, चौकशा नंतर. मी उचललं. त्यावर त्याची कोर्टामार्फत नोटीस आली: बायकोने घरी परतून आज्ञेत राहावं. बायकोला असं परत बोलवायचं, तर घराला सज्जन शेजार आहे हे कोर्टाला दाखवावं लागतं. त्याने नावं कुणाची लिहिली? माझं आणि खालच्या वजीहसाहेबांचं!

सुहैरने घटस्फोट मागितला आहे. सुनावणी सोमवारी. साक्षीला दोन पुरुष हवेत, किंवा एक पुरुष आणि दोन बायका. मी आणि दरवानाची बायको नईमा तयार आहोत. पुरुष एकच, वजीहसाहेब. शुक्रवारी कॉफी पिताना म्हणतात,

“मादाम, आवाज ऐकला हो. पण खुर्ची पडली असेल.”

“खुर्ची ‘आई गं’ म्हणते का?”

“नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला पडा?”

“त्याच्या नोटिशीत पडलाच आहात की! सज्जन म्हणून!”

ते कप घेऊन मोरीकडे गेले. साक्ष मिळाली नाही, तर पोरीला त्याच जिन्याने परत वर जावं लागेल.

३. आईचे चिनी मातीचे कप वजीहसाहेबांना. माझे यजमान गेल्यापासून घरातला प्रत्येक दिवा त्यांनी न सांगता बदलला आहे. हे कलम मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

अलेक्झांड्रिया, शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६.

सही: बहीजा रुश्दी

साक्षीदार: नईमा अब्देल-आल (अंगठा)
फिकरिया लुत्फी, शाळामैत्रीण (सही)

तिसरे साक्षीदार: वजीहसाहेब आज कोट घालून, पेन घेऊन हौसेने आले होते. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. वकील म्हणतात, त्यांच्या सहीवाचूनही हे मृत्युपत्र चालेल. तरी खालची ओळ त्यांचीच आहे. सोमवारी कोर्टातून येताना भरावी.

______________